नाही तर नाही, पण सांगा

प्रवेश मिळाला की मेसेज येतो. मिळाला नाही की काहीच येत नाही. दुसरी यादी लागते, तिसरी लागते, कॉलेजं सुरू होतात, आणि मग कधीतरी पोराच्या आणि त्याच्या आईबापाच्या लक्षात येतं की आपलं काही झालेलं नाही. ‘तुम्हाला प्रवेश देता येत नाही’ हे वाक्य त्यांना कुणी कधी सांगितलेलंच नसतं. आपली सरकारी विद्यापीठं ‘हो’ म्हणायला शिकली आहेत, ‘नाही’ म्हणण्याची जबाबदारी मात्र त्यांनी अजून अंगावर घेतलेली नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की ही जबाबदारी त्यांचीच आहे आणि ती त्यांनी तारखेसकट, लेखी घेतली पाहिजे.

मी बडोद्यात दांडिया बाजारात अकरावी-बारावी कॉमर्सला अकाउंट्स शिकवतो. मुलं मराठी-गुजराती मिसळून असतात. बहुतेकांचं स्वप्न एकच, एमएस युनिव्हर्सिटीची, म्हणजे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची, कॉमर्स फॅकल्टी. १९४९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठात घरटी कुणी ना कुणी शिकून गेलेलं असतं, फी परवडते, आणि सायकलवर जाता येतं. गुजरात बोर्डाचा निकाल अलीकडे लवकर लागतो. २०२४ साली बारावीचा निकाल ९ मेला लागला, २०२५ साली ५ मेला. म्हणजे मेच्या पहिल्या पंधरवड्यात मार्क हातात असतात. त्यानंतर विद्यापीठाला मुलाबद्दल नवीन असं काय कळायचं असतं? बीकॉमला मुलाखत नाही, निबंध नाही, शिफारसपत्र नाही. टक्के आहेत, जातीचा किंवा ईडब्ल्यूएसचा दाखला आहे, आणि जागा किती ते विद्यापीठालाच ठरवायचं आहे. उतरत्या क्रमाने लावायचं आणि जागा संपल्या की रेघ मारायची. तरी जून सरतो, कधी जुलैही निम्मा होतो, आणि पोर्टलवर ‘अंडर प्रोसेस’ हेच दिसत राहतं.

या मधल्या काळात शहराच्या चारी दिशांना असलेली खासगी विद्यापीठं झोपलेली नसतात. त्यांचे फोन तर बोर्डाची परीक्षा संपायच्या आतच सुरू होतात. मुलीचं नाव घेऊन बोलतात, ‘बेटा, कौन्सा स्ट्रीम?’ विचारतात, एका रविवारी बसमध्ये घालून कॅम्पस दाखवून आणतात, आणि संध्याकाळी सांगतात, ‘सीट ब्लॉक करून ठेवा, नंतर कॅन्सल करता येईल.’ यात त्यांचा दोष काढायचं कारण नाही, तो त्यांचा धंदा आहे आणि ते तो नीट करतात. त्यांचं उत्तर त्याच दिवशी मिळतं, हे त्यांच्या यशाचं निम्मं कारण आहे. सरकारी विद्यापीठ गप्प बसतं तेव्हा ते खासगी विद्यापीठाची फुकट जाहिरात करत असतं.

आणि हा उशीर सगळ्यांना सारखा बाधत नाही. ज्याच्या घरी पैसा आहे तो वीस-पंचवीस हजार भरून एक जागा धरून ठेवतो आणि आरामात यादीची वाट पाहतो. मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तर आहेच. ज्याच्या घरी पैसा नाही त्याला दोनातून एक निवडावं लागतं. एकतर वाट पाहायची आणि शेवटी कुठेच नसायचं, नाहीतर आत्याकडून उसने आणून भरायचे आणि मग सरकारी यादीत नाव आलं तरी ‘आता भरलेत पैसे, जाऊ दे’ म्हणायचं. सरकारी विद्यापीठ ज्यांच्यासाठी म्हणून काढलेलं आहे, त्यांनाच त्याचं मौन सगळ्यात महाग पडतं.

यावर यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, फी परतीचा नियम दाखवला जातो. तो आहे, आणि चांगला आहे. २०२४-२५ साठी आयोगाने ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केल्यास पूर्ण फी परत, आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत रद्द केल्यास फार तर एक हजार रुपये कापून बाकी परत, असं कळवलं होतं. मूळ कागदपत्रं अडकवून ठेवायची नाहीत, असं तर २०१८ पासून आहे. पण परत मिळणारे पैसे आधी द्यावे लागतात, ही साधी गोष्ट त्या नियमात बसत नाही. शिवाय फी परत मागायला गेलेल्या बापाला किती फेऱ्या घालायला लावतात, ते ज्याने घातल्या त्यालाच विचारावं.

आता जीकॅसबद्दल. गुजरात सरकारने २०२४ पासून सगळ्या सरकारी विद्यापीठांसाठी जीकॅस (गुजरात कॉमन अॅडमिशन सर्व्हिसेस) हे एकच प्रवेश पोर्टल सुरू केलं. पूर्वी एमएसयूचा अर्ज वेगळा, वल्लभ विद्यानगरच्या सरदार पटेल विद्यापीठाचा वेगळा, सुरतेच्या वीर नर्मद विद्यापीठाचा वेगळा. प्रत्येक ठिकाणी फी, प्रत्येक ठिकाणी झेरॉक्स. ते थांबलं, ही सुधारणाच आहे आणि तिला नावं ठेवणाऱ्यांपैकी मी नाही. पण अर्ज एक झाला तरी निर्णय एक झाला नाही. यादी ज्याची त्याने लावायची, ऑफर ज्याची त्याने द्यायची. त्यामुळे ८८ टक्केवाला मुलगा चार-पाच याद्यांत वर असतो, चार-पाच ऑफर त्याच्या खात्यात येऊन पडतात, आणि तो कोणती घ्यायची ते ठरवेपर्यंत बाकीच्या जागा अडकून राहतात. त्यात बारावी सायन्सवाले. त्यांना इंजिनिअरिंगचं नाहीतर फार्मसीचं अजून ठरायचं असतं, म्हणून ते बीएस्सीची जागा धरून बसतात आणि ऑगस्टमध्ये उठून जातात. त्या जागेवर हक्क असलेली ६९ टक्क्यांची मुलगी तोवर दुसरीकडे पैसे भरून बसलेली असते. जागा रिकामी, मुलगी बाहेर, आणि कागदावर सगळं नियमाप्रमाणे.

ही गुंतवळ सुटू शकते, आणि ती कशी सुटते हे बऱ्याच आधी कागदावर सोडवून झालेलं आहे. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅपली या गणितज्ञांनी १९६२ साली नेमका हाच प्रश्न घेतला होता. बरेच विद्यार्थी, बरीच कॉलेजं, प्रत्येकाची आपापली पसंती. त्यांचं उत्तर असं की विद्यार्थ्याने पसंतीक्रम एकदाच द्यायचा, कॉलेजांनी जागा तात्पुरत्या द्यायच्या, आणि एका वेळी एका विद्यार्थ्याच्या हातात एकच जागा राहील अशी फेरी शेवटपर्यंत चालवायची. या वाटेवरच्या कामासाठी शॅपली आणि अल्विन रॉथ यांना २०१२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्याकडे आयआयटी-एनआयटीचे प्रवेश २०१५ पासून ‘जोसा’ मार्फत याच धर्तीवर होतात. फेऱ्यांचं वेळापत्रक आधी जाहीर होतं, प्रत्येक फेरीनंतर कुठल्या शाखेचा दरवाजा कितव्या रँकला बंद झाला ते सगळ्यांसमोर येतं, आणि मुलाला एकतर जागा मिळते किंवा मिळाली नाही असं त्या दिवशी कळतं. गुजरातेत इंजिनिअरिंगच्या प्रवेशांनाही पसंतीक्रम भरूनच जागा मिळते. म्हणजे इंजिनिअर होणाऱ्याला तारखेला उत्तर आणि बीकॉम होणाऱ्याला ‘पोर्टल बघत राहा’. हा फरक तंत्रज्ञानाचा नाही. बीए-बीकॉमवाल्यांचा वेळ स्वस्त, असं कुठेतरी धरून चाललेलं आहे.

२०२४ चा उन्हाळा बडोदेकरांना आठवत असेल. जीकॅसचं पहिलंच वर्ष, आणि कॉमर्स फॅकल्टीत शहरातल्याच मुलांना जागा नाही, यावरून आंदोलनं झाली, पुढारी बोलले, आणि अखेर जागा वाढवल्या गेल्या. वाढल्या ते चांगलंच झालं. पण त्या सगळ्या गदारोळात जागा किती, यावरच बोलणं झालं. एखाद्या मुलाला त्याच्या टक्क्यांवर प्रवेश मिळणार नाही हे विद्यापीठाला ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी त्याला का नाही सांगितलं, हा प्रश्न कुणी विचारल्याचं माझ्या वाचनात नाही. जागा वाढवण्याचा निर्णयही उशिरा झाला, म्हणजे जे गप्पपणे दुसरीकडे पैसे भरून मोकळे झाले त्यांना त्याचा उपयोग नाही. रस्त्यावर येऊन ओरडला त्याला जागा मिळाली, मुकाट्याने वाट पाहिली त्याला नाही. विद्यापीठाने मुलांना शिकवलेला हा पहिलाच धडा असेल तर कठीण आहे.

‘कळवलं’ म्हणजे काय, हाही एक मुद्दा आहे. माझ्या क्लासमधल्या एका मुलीच्या अर्जावर तिच्या वडिलांचा मोबाइल नंबर होता, कारण घरात चालू रिचार्जचा नंबर तोच. वडील मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, शिफ्टमध्ये कामाला. आत फोन नेता येत नाही, तो गेटवरच्या कप्प्यात राहतो. ऑफरचा मेसेज आला तेव्हा ते दुसऱ्या पाळीत होते. रात्री घरी येऊन त्यांनी तो वाचलासुद्धा. पण महिनाभर त्याच नंबरवर खासगी कॉलेजांचे ‘काँग्रॅच्युलेशन्स, यू आर सिलेक्टेड’ असे मेसेज रोज दोन-चार येत होते, आणि हाही इंग्रजीत, तशाच थाटाचा. त्यांनी तो त्यांच्यातलाच समजला. मुदत उलटल्यावर मुलगी कॉलेजात गेली तेव्हा खिडकीतून उत्तर आलं, ‘पोर्टल रोज बघायला पाहिजे होतं.’ नियमाप्रमाणे बरोबर. मेसेज पाठवला होता, मुदत दिली होती. पण बँकेचा हप्ता चुकला तर बँक तीनदा फोन करते, वीजबिल थकलं तर माणूस दारात येतो. घेणं असलं की सरकारला माणूस सापडतो, देणं असलं की त्याने पोर्टल बघायचं.

एक गोष्ट मात्र जुन्या पद्धतीच्या बाजूने सांगितली पाहिजे, कारण पोर्टलच्या कौतुकात ती हरवली आहे. फॅकल्टीच्या काचेच्या फळ्यावर यादी लागायची तेव्हा आपलं नाव कुठे आहे हे तर दिसायचंच, पण आपल्या वर कोण आहे, खाली कोण आहे, आणि आपल्यापेक्षा कमी मार्कांचा कुणी मध्येच घुसला आहे का, हेही दिसायचं. दोनशे पोरं एकाच वेळी ती यादी तपासायची. घोटाळा करणाऱ्याला त्या गर्दीची भीती होती. आता प्रत्येकाला आपापल्या लॉगिनमध्ये फक्त आपलं दिसतं. शेजाऱ्याचं काय झालं ते कळत नाही, आणि आपलं का झालं नाही तेही कळत नाही. उलट बाजूने, त्या जुन्या यादीत नाव, टक्के आणि जातीचा प्रवर्ग असं सगळंच उघड्यावर असायचं, आणि अशा याद्या पीडीएफ होऊन आजही व्हॉट्सअॅपवर फिरतात. २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला, त्यानंतर तरी हे सावधपणे व्हायला हवं. मला विचाराल तर दोन्ही साधता येतं. यादी जाहीर करावी, पण तीत नावाऐवजी अर्जाचा क्रमांक, टक्के आणि कुठल्या कोट्यातून जागा मिळाली एवढंच असावं, आणि ज्याचा त्याला निर्णय वेगळा, त्याच्या नावाने कळवावा. फळ्याचा उघडेपणा हवा आणि पोराची अब्रूही हवी.

कायद्याचं म्हणाल तर नवीन काही मागायची गरज नाही. सरकारी विद्यापीठ हे माहिती अधिकार कायद्याखाली सार्वजनिक प्राधिकरण आहे. त्या २००५ च्या कायद्याचं कलम ४(१)(ड) सांगतं की प्रशासकीय निर्णयाची कारणं बाधित व्यक्तीला द्यायची. ‘मागितल्यास द्यायची’ असं नाही, आपणहून द्यायची. ज्याचा अर्ज बसला नाही तो बाधित नाही तर कोण? त्याला ‘तुमच्या प्रवर्गात शेवटचा प्रवेश इतक्या टक्क्यांवर झाला, तुमचे इतके होते’ ही एक ओळ मिळणं हा त्याचा हक्क आहे, मेहरबानी नाही. आता तो रीतसर अर्ज करून विचारू शकतो हे खरं, पण उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे, आणि तोवर पहिल्या सेमिस्टरचा महिना संपलेला असतो. सीबीएसईच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क मान्य केला. उत्तरपत्रिका दाखवता येते, पण प्रवेश का नाही ते सांगता येत नाही, हे कुठलं तर्कशास्त्र?

विद्यापीठातल्या लोकांशी बोललं की ते आपली अडचण सांगतात, आणि ती खोटी नसते. बोर्डाचा निकाल एक आला की सीबीएसईचा यायचा असतो, फेरतपासणीत मार्क बदलतात, पूरक परीक्षेची मुलं मागून येतात, दाखले खरे की खोटे ते बघावं लागतं, आणि हे सगळं करणारे बहुतेक शिकवणारेच प्राध्यापक असतात, ज्यांना उन्हाळ्याच्या सुट्टीत या कामाला जुंपलेलं असतं. सीयूईटी या देशपातळीवरच्या सामायिक प्रवेश परीक्षेने होणाऱ्या प्रवेशांचं तर विचारूच नका. २०२४ साली त्या परीक्षेचा निकाल ३० जूनला म्हणता म्हणता २८ जुलैला लागला, आणि देशभरातल्या केंद्रीय विद्यापीठांच्या दारात मुलं अडकून पडली. पण या अडचणींतून निघतं ते एवढंच की तारीख कॅलेंडरची नको, अंतराची हवी. ‘निकाल लागल्यापासून २१ दिवसांत पहिला निर्णय’ असं म्हणा. निकाल आठ दिवस लांबला तर तुमची मुदतही आठ दिवस लांबेल. आणि तरीही तारीख चुकणार असेल तर नवीन तारीख जुनी उलटायच्या आत सांगा. एसटीच्या स्टँडवरसुद्धा गाडी उशिरा असली तर माइकवर ओरडून सांगतात.

दुसरी सबब अशी की ‘नाही’ सांगितलं आणि मग जागा निघाली तर? म्हणूनच प्रतीक्षायादी असते. पण ती नुसती ‘वेटिंग’ असून चालत नाही. तुमचा नंबर ३४० आहे, आणि गेल्या वर्षी याच प्रवर्गात प्रतीक्षायादी २१० पर्यंत सरकली होती, एवढं सांगितलं की त्या घरातला माणूस स्वतःच ठरवतो की थांबायचं की नाही. हे आकडे विद्यापीठाकडे असतातच, काढून द्यायला एका कारकुनाचा अर्धा दिवस लागेल. उमेदवाराला आशेवर ठेवणं हे दयाळूपणाचं वाटतं, पण त्यात दया कसली आली? त्यात त्याचे पैसे आणि वर्ष जातं.

बाहेर या गोष्टीचा विचार अर्जदाराच्या बाजूने झालेला दिसतो. इंग्लंडमध्ये सगळ्या ऑफर यूकॅस या एकाच संस्थेमार्फत येतात, आणि विद्यार्थ्याला एक पक्की आणि एक राखीव अशा दोनच हातात ठेवता येतात, बाकीच्या सोडाव्या लागतात. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांनी आपसात ठरवून घेतलं आहे की पदवीनंतरच्या शिक्षणासाठी आर्थिक मदतीची ऑफर दिली तर विद्यार्थ्याकडून १५ एप्रिलच्या आत होकार मागायचा नाही. बाकीच्या विद्यापीठांचं काय होतंय ते त्याला कळू द्यायचं. पण इतक्या लांब जायला नको. याच बडोदा संस्थानाने १९१३ च्या जूनमध्ये भीमराव आंबेडकरांशी लेखी करार करून त्यांना शिष्यवृत्ती दिली आणि जुलैत ते न्यूयॉर्कला पोचलेही. आगबोटीने. आज फतेगंजच्या विद्यापीठातून दांडिया बाजारापर्यंत एक ‘हो’ किंवा ‘नाही’ पोचायला त्याहून जास्त वेळ लागतो.

तेव्हा मागणी कसली करायची ते स्पष्ट आहे. अर्जाची फी घेताना, त्याच पानावर, उत्तर किती दिवसांत मिळेल ते छापायचं. उत्तर तीनपैकी एक असलं पाहिजे: जागा आहे, प्रतीक्षायादीत अमुक नंबर आहे, किंवा जागा नाही आणि का नाही. ते अर्ज करणाऱ्या प्रत्येकाला गेलं पाहिजे, गुजराती आणि इंग्रजी दोन्हींत, आणि मेसेजच्या पहिल्या तीन शब्दांत विद्यापीठाचं नाव असलं पाहिजे. होकार द्यायची मुदत किमान एक रविवार ओलांडणारी हवी, म्हणजे शिफ्टवाल्या बापालाही घरात बसून विचार करता येईल.

मागायची कुणाकडे, हे मात्र पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही. २०२३ चा गुजरात सार्वजनिक विद्यापीठ कायदा आल्यावर एमएसयूचा १९४९ चा स्वतःचा कायदा गेला, आणि त्याबरोबर निवडून येणारी सिनेट, म्हणजे विद्यापीठाची प्रतिनिधी सभाही गेली. सिनेटच्या राजकारणाबद्दल कुणाला फार प्रेम होतं असं नाही, पण राजमहाल रोडवरच्या एखाद्या सिनेट सदस्याला चहाच्या टपरीवर गाठून ‘साहेब, यादी कधी लागणार?’ असं विचारता येत होतं, आणि पुढच्या निवडणुकीत त्याला मतं हवी असत म्हणून तो फोन करून सांगतही असे. आता निर्णय व्यवस्थापन मंडळ घेतं, आणि त्यात बसणाऱ्या कुणालाही आमच्या मतांची गरज नाही. तोंडी विचारायची सोय गेली असेल तर लेखी हमी तरी यायला हवी. आमच्या शहराच्या आमदारांना २०२४ साली जागांसाठी गांधीनगरला बोलता आलं होतं. यंदा त्यांनी तारखेसाठी बोलावं, आणि तेही एप्रिलमध्ये, बोर्डाचा निकाल लागायच्या आत.